व्हिटनी पोर्टलचा घाट: वर नेईन मी, खाली कोण आणणार?

दगडफूल

मंडळी, फेब्रुवारीत भरलेल्या सोडतीत आमचं नशीब फळफळलं. कॅलिफोर्नियातल्या माउंट व्हिटनीचा एकदिवसीय परवाना मिळालाय, दोघांचा, जुलैमधला. दिवसाला १०० जणांनाच देतात, त्यामुळे ऑफिसात पेढे वाटून झाले.

ट्रेकची तयारी चालू आहे, त्याबद्दल विचारत नाहीये. प्रश्न रस्त्याचा आहे. लोन पाइन गावातून व्हिटनी पोर्टलपर्यंत (ट्रेक सुरू होतो ती जागा) जो घाट चढतो, साधारण १३ मैलांचा, तो कोणी स्वतः चालवलाय का? गाव ३,७०० फुटांवर आणि पोर्टल जवळजवळ ८,४०० फुटांवर. व्हिडिओत तरी दरी पाहून माझ्या पोटात गोळा येतोय.

आता खरी गोची. सासू-सासरे सध्या इथे आलेत. बाबा एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होते, कुंभार्ली घाट त्यांना तोंडपाठ. त्यांचा बेत असा: रात्री दोनला ते आम्हाला पोर्टलला सोडणार, परत मोटेलवर येऊन झोपणार, संध्याकाळी आईंना घेऊन आम्हाला आणायला येणार. नवरा म्हणतो, इथे गाडी उजवीकडून चालते, अंधार असतो, वय ६८, काही नको, आपण गाडी वर लावू आणि आपणच चालवत खाली येऊ. त्यावर बाबा दोन दिवस रुसून बसलेत. काय करावं?

निवांत_पाटील

दोनदा गेलोय. घाबरण्यासारखं काहीही नाही. डांबरी, दुपदरी, रुंद रस्ता. वळणं मोजकी पण लांबलचक. आपल्याकडच्या वरंधा घाटात पावसाळ्यात गाडी घातलेल्या माणसाला हा रस्ता म्हणजे शाळेचं मैदान. गाडी वर लावा, ट्रेक करा, खाली या. एवढा काथ्याकूट कशाला?

कडेलोट

माझ्या आयडीमुळे घाटाच्या धाग्यांवर माझ्या सल्ल्याला किंमत राहत नाही, म्हणून फक्त पॉपकॉर्न घेऊन बसतो.

भटकभवानी

पाटील, तुम्ही दोनदा गेलात ते ट्रेक करून खाली उतरलात की पोर्टलला धबधबा बघून परत आलात? खोचकपणे विचारत नाहीये, सगळा फरक तिथेच आहे.

चढताना हा रस्ता खरंच सोपा आहे. माणूस ताजा असतो, इंजिन कण्हत असतं, वेग आपोआप कमी राहतो. आम्ही तीन वर्षांपूर्वी रात्री दीडला वर गेलो, अंधारात दरी दिसलीच नाही. मग २२ मैल चालणं, ६,००० फुटांहून जास्त चढ आणि तेवढाच उतार. संध्याकाळी साडेसातला पार्किंगला पोचलो तेव्हा मला बुटाच्या नाड्या सुटत नव्हत्या. बोटं ऐकेनात. अशा अवस्थेत नवऱ्याने गाडी काढली.

पहिल्या मोठ्या वळणानंतर जो लांब सरळ उतार लागतो, तिथे ओवेन्सचं सगळं खोरं समोर उघडं पडतं. मी त्याच्याकडे बघत होते. मग गाडी हळूच कडेच्या खडीवर गेल्याचा आवाज आला. नवऱ्याचे डोळे उघडे होते. म्हणजे मला तरी उघडे दिसत होते. मी ओरडले, त्याने ब्रेक मारला आणि मग तो वास आला, जळक्या फडक्यासारखा. आधीचे चार मैल तो ब्रेकवर पाय ठेवूनच उतरत होता, ऑटोमॅटिकचा गिअर नेहमीच्या 'डी'मध्येच. थांबलो, उतरले, तर पुढच्या चाकातून बारीक धूर. तिथेच पाऊण तास दगडावर बसून राहिलो. तो बसल्या बसल्या झोपला.

म्हणून दगडफूल, 'रस्ता कसा आहे' हा प्रश्न बाजूला ठेव. संध्याकाळी खाली कोण आणणार, ते आधी ठरव. जो चालला नाही त्याने आणावं. तुझ्या घरात असा माणूस आयता आहे आणि तुम्ही त्याला रुसवून बसलाय!

मोगरा२१

भटकभवानी +१. 'बोटं ऐकेनात' अगदी अगदी.

युनिटवाला

धुराचं गणित सांगतो. माणसं-सामान धरून गाडी २,००० किलो, उतार १,४०० मीटर. एवढ्या उंचीवरून खाली येताना साधारण साडेसात युनिट ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. दीड किलोवॅटचा गिझर सलग पाच तास चालवल्यावर जेवढी उष्णता होईल तेवढी. वारा आणि टायर त्यातली थोडी खातात. उरलेली एकतर इंजिनाने खायची नाहीतर ब्रेकच्या चार चकत्यांनी, आणि तीही अर्ध्यापाऊण तासात.

माझी गाडी विजेची आहे. चढताना बॅटरीचा आकडा बघवत नाही, पण गावात परत येईपर्यंत चारेक युनिट वीज परत जमा होते आणि ब्रेकला जवळपास हात, आय मीन पाय, लावावा लागत नाही.

निवांत_पाटील

भटकभवानी, मान्य, मी दोन्ही वेळा पोर्टलवरूनच परतलो होतो. पण आजकालच्या गाड्यांचे ब्रेक एवढे लेचेपेचे नसतात हो. तेवढ्यासाठी सासऱ्यांना परदेशात मध्यरात्री घाटात घालायचं? उजवी बाजू, मैलाच्या पाट्या, वर अनोळखी गाडी. सवय ही दुधारी असते. ३१ वर्षं डावीकडून चालवलेल्या माणसाचा हात संकटात डावीकडेच वळतो.

गॅरेजमधला_बाळू

पाटीलसाहेबांचा डावी-उजवीचा मुद्दा बरोबर, ब्रेकचा चूक. गाडी नवी असली तरी ब्रेक ऑइल जुनं असू शकतं. ते हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ३ ऑइल २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं १४० च्या आसपास. ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते आणि पेडल दाबावं तर स्पंजासारखं आत जातं. पॅड कितीही जाड असोत, मग काही उपयोग नाही. निघण्यापूर्वी ब्रेक ऑइल बघून घ्या.

उतरताना सरळ खालचा गिअर. ऑटोमॅटिक असेल तर 'एल' किंवा '२', हायब्रिडला 'बी', काही गाड्यांना स्टिअरिंगमागे पाकळ्या असतात. इंजिन ओरडायला लागलं की लोक घाबरून परत 'डी'त टाकतात. ओरडू द्या. तीन-चार हजार आरपीएमला त्याचं काही बिघडत नाही. ब्रेक मारायचा तो नीट दाबून, वेग उतरवून, सोडून द्यायचा. पाय टेकवून ठेवायचा नाही. आणि न्यूट्रल तर स्वप्नातसुद्धा नाही.

कायदेकानू

न्यूट्रलचं निघालंच आहे तर: कॅलिफोर्नियात उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी सोडणं हा नुसता मूर्खपणा नाही, वाहन कायद्यात मनाई आहे. आणखी दोन नियम बाबांना सांगून ठेवा. एक, दुपदरी रस्त्यावर आपण हळू चाललोय आणि मागे पाच किंवा जास्त गाड्या साचल्या तर जागा मिळेल तिथे बाजूला घेऊन त्यांना जाऊ द्यायचं. दोन, दोन गाड्या मावणार नाहीत एवढा अरुंद चढ असेल तर उतरणाऱ्याने थांबायचं, गरज पडली तर मागे घ्यायचं. चढणाऱ्याचा मान पहिला. दुसरा नियम एसटीवाल्याला शिकवायची गरज नसावी.

लायसनचं म्हणाल तर १८ वर्षांवरच्या पाहुण्याकडे मायदेशाचं चालू लायसन असेल तर इथे चालवता येतं. सोबत आंतरराष्ट्रीय परमिट असलं तर उत्तम. गाडी तुमची की भाड्याची? भाड्याची असेल तर त्यांचं नाव करारात घातल्याशिवाय चावी देऊ नका. माझ्या एका मित्राने हे केलं नाही, आरसा फुटला, आणि भाडेवाल्यांनी विम्याचा कागद हसत हसत परत केला.

दगडफूल

गाडी आमचीच आहे, विमा कंपनीला विचारते. बाबांचं लायसन चालू आहे, फाइलमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलंय. भटकभवानी, तुझा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. तो काही बोलला नाही, फक्त 'नाड्या' म्हणून हसला. बाबांनी मात्र 'डीमध्ये उतरला?' असं दोनदा विचारलं.

खडकवासला_नव्हे_खडकवेडा

अवांतर करतो, माफी असावी, पण या रस्त्यावर नुसती वळणं आणि ब्रेक बघून जाऊ नका हो. गाव सोडल्यावर मैलभरात जमिनीला एक पायरी दिसते. २६ मार्च १८७२ च्या भूकंपात जमीन तिथे फाटून खालीवर झाली होती. लोन पाइनमध्ये २७ माणसं गेली. सिएरा नेवाडाची ही पूर्वेकडची भिंत अशा धक्क्याधक्क्यानेच उचलली गेलीय, म्हणून रस्त्याला पायथ्याच्या टेकड्या वगैरे सवलत मिळत नाही. खोरं संपलं की सरळ भिंत.

मग लागतात अलाबामा हिल्स. गोलमटोल, बटाट्यासारखे धोंडे. लोकांना वाटतं हे फार प्राचीन आणि मागचे सुळके नवे. प्रत्यक्षात खडक एकाच कुळीचा. इथला मातीखाली दबून कुजत गोल झाला, वरचा बर्फाने तासून टोकदार झाला. आणि गंमत म्हणजे १९३९ मध्ये हॉलिवूडने आपला वायव्य सरहद्द प्रांत याच धोंड्यांत उभा केला होता. खैबरच्या नावाखाली जगाने कॅलिफोर्निया पाहिला.

कडेलोट

म्हणजे बाबांना सांगायचं, 'खैबर घाटात गाडी चालवायचीय.' रुसवा जागच्या जागी खल्लास.

सुळकेबाज

खडकवेडे, एक राहिलं. गावातून समोर सगळ्यात थोराड, सगळ्यात उंच दिसतं ते व्हिटनी नसतं! ते लोन पाइन पीक, साधारण ३,९४५ मीटर. जवळ असल्यामुळे दादागिरी करतं. खरं व्हिटनी (४,४२१ मीटर) उजवीकडे, मागे, सुयांच्या रांगेत दडलेलं असतं. दर वर्षी हजारो लोक चुकीच्या डोंगरासोबत सेल्फी काढून घरी जातात.

डॉ_आळशी

उंचीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. लोन पाइन महाबळेश्वरपेक्षाही थोडं खाली आहे, तिथे कोणालाच काही होणार नाही. पोर्टल म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर आणखी ९०० मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपट. आईंनी दोन-तीन तास झाडाखाली बसायला हरकत नसावी, मात्र त्यांच्या डॉक्टरांना विचारून आणि बीपीची गोळी न चुकवता. धाप, छातीत दुखणं, भोवळ यांतलं काहीही वाटलं तर वाट न बघता गाडीत बसवून खाली. या घाटाचा हा एक मोठा गुण, पाऊण तासात १,४०० मीटर खाली नेऊन सोडतो.

तुम्हा दोघांची मला जास्त काळजी आहे. समुद्राकाठी राहायचं, आदल्या दिवशी गाडीने यायचं, रात्री दोनला ४,४०० मीटरकडे निघायचं. डोकं धरणारच. एक रात्र जास्त काढता आली तर हॉर्सशू मेडोला तंबू टाका. पोर्टलच्या रस्त्यावरच गावापासून तीनेक मैलांवर डावीकडे फाटा आहे, तो थेट १०,००० फुटांवर नेतो.

निवांत_पाटील

तो हॉर्सशूचा रस्ता मात्र मी मानतो. खोऱ्यातून बघितलं तर डोंगरावर कोणीतरी शिवणयंत्राने झिगझॅग टाके घातल्यासारखा दिसतो. तिथे माझी बायको डोळे मिटून बसली होती. मीही मिटले असते, पण चालवत होतो.

रात्रपाळी

जुलै म्हटलं म्हणून सांगते. बॅडवॉटर १३५ ची तारीख आधी तपासा. डेथ व्हॅलीतल्या बॅडवॉटरपासून, म्हणजे समुद्रसपाटीच्या ८६ मीटर *खालून*, १३५ मैल पळत येतात आणि शर्यत संपते ती व्हिटनी पोर्टलला. शेवटचे १३ मैल म्हणजे हाच घाट. मी एका मैत्रिणीच्या मदत-गाडीत होते. आमची पाळी या रस्त्यावर रात्री अकराला आली. तिची पोटरी दगडासारखी झाली होती आणि ती चढावर उलटी, पाठमोरी चालत होती, कारण सरळ चालताना जास्त दुखायचं. मी बाजूने बर्फाची पिशवी घेऊन. आमच्या वर आणि खाली, अंधारात, अंगावर परावर्तक पट्टे घातलेली माणसं आणि लुकलुकणारे लाल दिवे. अख्खा घाट दिव्यांनी उजळलेला. वर पोचायला तिला पाच तास लागले. ४८ तासांची मुदत असते, ती ४१ मध्ये आली.

त्या रात्री एखादा गाडीवाला पेंगत उतरला असता तर काय, हे मला घरी आल्यावर सुचलं आणि मग झोप आली नाही.

मोगरा२१

पाठमोरी!!

गोगलगाय

१३ मैल ऐकून मला गाडीतच मळमळायला लागलं. घाटात उलटी होणाऱ्यांसाठी उपाय सांगा कोणीतरी, धागा कामी येईल.

गॅरेजमधला_बाळू

पुढे बसा, लांब बघा, मोबाइल खाली ठेवा. आणि ड्रायव्हर बदला. निम्म्या लोकांना घाट लागत नाही, ड्रायव्हर लागतो.

अस्वलाचा_मामा

सगळे गाडीतल्या माणसांचं बोलताय. पोर्टलला लावलेल्या गाडीत खाण्याचा कणसुद्धा ठेवू नका. काळी अस्वलं वासावर येतात आणि दार केळ्याच्या सालीसारखं सोलतात. टूथपेस्ट, सनस्क्रीन, च्युइंगम, सगळं तिथल्या लोखंडी पेट्यांत कुलूपबंद करायचं. बाबांनी सोडून गाडी खाली नेली तर हा प्रश्नच मिटतो, हाही एक मुद्दा त्यांच्या बाजूने.

भटकभवानी

दगडफूल, मधला मार्ग सुचवते. रात्रीची फेरी बाबांना देऊच नका. रात्री दोनला दुसऱ्या कोणत्या ट्रेकरच्या गाडीतून वर जा. मोटेलात अर्धे लोक तिकडेच निघालेले असतात, आदल्या संध्याकाळी विचारलं की कोणीतरी हो म्हणतं. आदल्या दिवशी उजेडात बाबांना एकदा हा घाट चढून-उतरून सराव करू द्या, नवरा शेजारी बसेल. संध्याकाळी ते वर आले की सूर्य डोंगरामागे गेलेला असतो, उतरताना डोळ्यांवर ऊन नाही. वर जाताना मात्र तासभर लवकर निघायला सांगा, दुपारी उशिरा सूर्य थेट समोर येतो.

आईंना चालायची हौस असेल तर लोन पाइन लेकपर्यंत परवाना लागत नाही. नसेल तर पोर्टलला तळं आहे, तिथे बसून मासे बघावेत.

निवांत_पाटील

हे पटलं. उजवीकडचा सराव दिवसा झाला तर माझा आक्षेप मागे. रात्री दोन वाजता नको एवढंच म्हणणं होतं.

कडेलोट

पाटलांनी आक्षेप मागे घेतला! चढणाऱ्याचा मान पहिला.

दगडफूल

(जुलैअखेर) वृत्तांत द्यायला आले.

आधी ट्रेकचं, कारण सगळे तेच विचारणार. माथा झाला नाही. ट्रेल क्रेस्ट नावाच्या खिंडीत, ४,१०० मीटरच्या वर, पोचलो तर पश्चिमेकडून ढग चढत होते आणि नवऱ्याचं डोकं ठणकत होतं. हॉर्सशूला राहिलो नव्हतो, डॉक्टरांनी सांगूनही. वळलो. ती प्रसिद्ध ९९ वळणं उतरताना मी मोजत होते, ६१ ला हिशेब चुकला.

आता रस्ता. आदल्या दिवशी सकाळी बाबांनी सराव केला. पहिल्या वळणाला हात खरंच डावीकडे गेला, पाटील. नवऱ्याने 'बाबा, उजवी' म्हटलं आणि मग वरपर्यंत ते स्वतःशीच 'उजवी, उजवी' पुटपुटत होते. रात्री आम्ही सॅक्रामेंटोच्या दोन मुलांच्या गाडीतून गेलो.

संध्याकाळी साडेपाचला खाली पोचलो तर दोघं तळ्याकाठी बसलेले. तीन वाजल्यापासून! आईंनी वेफर्सचं पाकीट दाखवलं, उशीसारखं टम्म फुगलेलं. 'हवा कमी आहे म्हणे, मग यात कुठून आली?' असं त्या मला विचारत होत्या.

उतरताना बाबांनी गाडी '२'मध्ये टाकली. इंजिनाचा आवाज वाढला तसा नवऱ्याने डोळा उघडला, काही बोलणार होता, मी त्याचा गुडघा दाबला. सगळ्या घाटात ब्रेक किती वेळा मारला असेल? दहा-बारा वेळा. मागे गाड्या आल्या की आरशात मोजायचे. कायदेकानू, तुम्ही पाच म्हणाला होतात, ते तीन झाल्या की बाजूला घेत होते. 'एसटीत मागून हॉर्न ऐकायची सवय आहे, पण इथले लोक हॉर्नच मारत नाहीत, मग कळणार कसं, म्हणून लवकर सोडतो.'

खाली मोटेलवर उतरल्यावर त्यांनी चारही चाकांजवळ एकेक करून हात नेला. मलाही बोलावलं. ऊब होती, चटका नव्हता. मग त्यांनी आत जाऊन अंघोळ केली आणि आठला झोपले. नवरा सातलाच झोपला होता.

भटकभवानी

माथा पुढच्या वर्षी. चाकाची ऊब मस्त.

गॅरेजमधला_बाळू

बाबांना आमच्या गॅरेजकडून सलाम. पाटील, दुधारी सवयीची दुसरी धार बघितलीत ना?

निवांत_पाटील

बघितली. पण 'उजवी, उजवी' माझ्या खात्यात जमा करा.

दगडफूल

एक सांगायचं राहिलं. आईंनी मोटेलसमोरून डोंगराचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलाय, 'अमेरिकेतलं सर्वांत उंच शिखर, सूनबाई इथे गेल्या होत्या.' १४० लाइक.

सुळकेबाज

सर्वांत उंच अलास्कातलं देनाली. व्हिटनी हे अलास्का सोडून. आणि फोटोत मधोमध मोठं, थोराड दिसतंय का? मग ते व्हिटनीही नाही.

दगडफूल

मधोमध, मोठं, थोराड. आईंचा नंबर देऊ का? तुम्हीच सांगा त्यांना.

सुळकेबाज

नको नको, फोटो छान आलाय.